पाहुणीचा तांबडा मध

डाव्या बाजूची शेवटची दाढ सकाळीच काढून आले होते, म्हणून त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मी काचघरातच थांबले. एरवी एक वाजला की आमच्याकडे कुणी आत थांबत नाही. उन्हाचा जोर वाढलेला असतो, मुकादम साखळी ओढतो, छताखाली हिरवी जाळी सरकत येते, दार लोटलं जातं आणि आम्ही डबे घेऊन अवजारांच्या खोलीत. दोनपर्यंत गप्पा. शेवटी मुकादम खताच्या पोत्याला टेकून डुलकी काढतो, तीही आम्ही त्याच्या कामातच धरतो. पण त्या दिवशी माझा गाल बघून तो म्हणाला, "भागूबाई, तुम्ही आमच्या डब्यांकडे बघत बसणार आणि आमच्या पोटात दुखणार. त्यापेक्षा आत गारव्याला बसा." मलाही तेच हवं होतं. तोंडात कापूस, कानापर्यंत बधिरपणा, आणि जीभ आपली सारखी त्या रिकाम्या जागेची चौकशी करून येतेय. बादली पालथी घातली आणि पाहुणीच्या शेजारी बसले. पाहुणी म्हणजे काचघराच्या मधोमध मोठ्या पिंपात लावलेलं आमचं झाड. अठरा वर्षं मी तिची देखभाल करतेय, पण एक ते दोनमध्ये ती काय करते हे मला ठाऊक नव्हतं. माणसं बाहेर गेल्यावर घर काय करतं हे कुणाला ठाऊक असतं? जाळीमुळे हिरवट अंधारून आलं. नळाची टपटप तेवढी ऐकू येत होती. आणि पाहुणीच्या शेंड्यावरच्या फुलात, पांढऱ्या पाकळ्यांच्या तोंडाशी, एक लाल थेंब आला. मी आधी माझे ओठ पुसले. मला वाटलं रक्त माझंच. हात बघितला तर कोरडा. वर बघितलं तर थेंब मोठा होत चाललेला, डाळिंबाच्या दाण्याएवढा झाला आणि तिथेच थांबला. या झाडाची फुलं मी सकाळी आल्यावर पाहिलेली, संध्याकाळी जाताना पाहिलेली. ती पांढरी असतात, कोरडी असतात आणि तिसऱ्या दिवशी देठासकट गळतात. त्यांच्यात मध असतो हेच कुणी पाहिलं नव्हतं, तांबडा तर दूरच राहिला.

तेवढ्यात जाळीवरून पाल उतरली. साधी पाल, आपल्या ट्यूबलाइटमागे असते तीच. मळकट, शेपटी एकदा तुटून पुन्हा आलेली. जाळी शेंड्याला टेकते तिथून तिनं पानावर पाय ठेवला, थेंब चाटला, आणि मग डोकंच फुलात घातलं, पार मानेपर्यंत. मी किंचाळले. तोंडात कापूस असताना जेवढं किंचाळता येतं तेवढं. मुकादम तोंडात घास आणि हातात झाडू अशा थाटात धावत आला. एका फटक्यात पाल खाली, दुसऱ्या फटक्यात दाराबाहेर. "गेली. बसा आता निवांत," असं म्हणून त्यानं घास गिळला आणि परत गेला. मी बसले. पण दाराबाहेर फेकली जाताना त्या पालीचा गळा मला दिसला होता. हळद सांडावी तसा तो पिवळाधमक झाला होता.

माझं आणि पालीचं वैर जुनं आहे, आणि ते लावून दिलं माझ्या थोरल्या भावानं. मी पाचवीत होते. शाळेला निघताना दादा म्हणाला, "पेन्सिल घेतलीस का बघ." मी कंपासपेटी उघडली. आत खोडरबर आणि कर्कटक यांच्यामध्ये एक शेपटी वळवळत होती. नुसती शेपटी. पाल असती तर एक वेळ चाललं असतं. पाल दिसते, कुठून आली ते कळतं, कुठे जाईल त्याचा अंदाज येतो. इथे पाल नाही आणि वळवळ आहे. त्या वळवळीला पुढे डोकं नव्हतं, मागे कारण नव्हतं. मी पेटी फेकली, त्यातला कोनमापक तुटला, दादानं मार खाल्ला आणि मार खाता खाताही हसत होता. तेव्हापासून घरात मी भित्री भागूबाई. पुढे माझं लग्न झालं, दादाला टक्कल पडलं, पण हाक तीच. एकदा मी छत्री घरी विसरले, ती द्यायला तो इथे आला आणि फाटकातूनच ओरडला, "भागूबाई कामावर आहे का हो?" झालं. दुसऱ्या दिवसापासून इथल्या सगळ्यांना माझं खरं नाव विसरायला झालं. मला राग आला नाही. काही माणसांना भीती लपवावी लागते. माझी तर नावातच होती, त्यामुळे फार सोपं जायचं. काचघर म्हटलं की पाली आल्याच. दमटपणा, डास, रात्रीचा दिवा, त्यांना आणखी काय हवं? पण आमच्या काचघरात नसत. मी सकाळी यायच्या आधी मुकादम बांबूला झाडू बांधून छताचा एकेक लोखंडी गज, पाइपांच्या मागचे कोपरे, पिंपांच्या खालच्या विटा झाडून काढायचा. सापडलेल्या पाली शेजारच्या नेच्यांच्या काचघरात नेऊन सोडायचा, ते त्यांचं माहेर. मग दारात उभा राहून म्हणायचा, "मैदान साफ आहे. या." मी कधी सांगितलं नव्हतं त्याला. पहिल्याच वर्षी पाल बघून मी एकदा बादलीसकट पडले होते, तेव्हापासून त्यानं आपण होऊन सुरू केलं होतं. कुणी कुणाचे लाड करतं म्हणजे तरी दुसरं काय करतं.

पाहुणी हे नावही मुकादमाचंच. पाटीवर लांबलचक लॅटिन नाव आहे, ते आमच्या डॉक्टरबाई एका दमात म्हणतात. बाई झाडांच्या डॉक्टर. पहिल्या भेटीत मुकादमानं त्यांना गुडघा दाखवला होता, तेव्हा त्या म्हणाल्या, "याला पानं फुटली की या माझ्याकडे." पाहुणी ज्या बेटावरून आली ते समुद्रात इतकं लांब आणि एकटं आहे की नकाशांच्या पुस्तकात ते कोपऱ्यातल्या वेगळ्या चौकटीत छापतात. बाईंनी मला तिथली गोष्ट सांगितली ती रोपांच्या कुंड्या बदलता बदलता, आणि मी ती इतक्यांदा मागून ऐकलीय की आता मला तोंडपाठ आहे. त्या बेटावर लाखो वर्षं मुद्दाम असं कुणी गेलंच नाही. जे आलं ते चुकून आलं. वादळानं एखादं बी आणलं, एखाद्या पक्ष्याच्या पायाला चिखल होता, कुठल्या ओंडक्यावर बसून एखादी पाल आली. परतीची सोय नव्हती, म्हणून सगळे तिथेच राहिले आणि आपापल्या मर्जीनं बदलत गेले. एकट्या राहणाऱ्या माणसाला जशा हळूहळू स्वतःच्याच तऱ्हा लागतात, तसं. पक्षी उडायचे बंद झाले, कारण पळायचं कुणापासून? झाडांनी काटे टाकून दिले. कासवं मात्र तिथे होती, टेबलाएवढी, आणि त्यांना पाला आवडायचा. म्हणून पाहुणीच्या घराण्यानं एक युक्ती काढली. कमरेच्या खाली जी पानं येतात ती अरुंद, तपकिरी, मेल्यासारखी दिसणारी. कासवाची मान जिथे पोचत नाही तिथून वर गोल, हिरवी, तुकतुकीत. मग माणसं आली, माणसांबरोबर शेळ्या आल्या. शेळी कुठे रंग बघून खाते? कासवं गेली, झाडं गेली. आमच्याकडे आलेलं हे एक तेवढं उरलं. आणि आमच्या शहरात, जिथून समुद्र दिसतसुद्धा नाही तिथे, पिंपात उभी राहून पाहुणी अजून खालची पानं तपकिरीच काढते. कासव येईल म्हणून. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इतकी हसले की हातातली कुंडी खाली ठेवावी लागली. म्हटलं, "म्हणजे हीसुद्धा भागूबाईच की." बाईही हसल्या. पण मला त्या दिवसापासून या झाडाचा असा काही लळा लागला की सांगता येत नाही. खालची ती मेल्यासारखी पानं मी ओल्या फडक्यानं पुसायची. वरची कुणीही पुसेल.

आणि हे झाड संपत आलं होतं. खोड बुंध्याशी पोकळ झालं होतं. बाई त्यावर बोटाच्या पेरानं टकटक करायच्या आणि आवाज ऐकून बोट मागे घ्यायच्या. फांदी तोडून लावली तर कुजायची. कलम धरत नव्हतं. बी हाच एक मार्ग, आणि बी धरायलाच तयार नव्हतं. दर बहराला सकाळी दहा वाजता बाई मऊ ब्रश घेऊन शिडीवर चढत, मी खालून शिडी धरत असे, मुकादम श्वास धरत असे, आणि या फुलातले पिवळे कण त्या फुलात नेऊन लावले जात. तिसऱ्या दिवशी फूल फरशीवर. ते उचलायचं काम माझं. गळलेलं फूल तळहातावर घेतलं की अजून ताजं असायचं, काहीच झालं नसल्यासारखं. त्या वर्षी बाई म्हणाल्या होत्या, "आता फार तर हा एक बहर. पुढच्या वर्षी कळ्या येतील असं हिच्या अंगात बळ दिसत नाही."

दाढ काढली त्या दिवशी संध्याकाळी घरी गेले तेव्हा नवरा खिडकीशी बसून कुणाचा तरी चष्मा पुसत होता. तो चष्मेवाला. जगातल्या प्रत्येकाच्या डोळ्यात त्याला काही ना काही दोष सापडतो, फक्त माझ्या नाही, कारण माझी तपासणी मी त्याला कधी करूच दिली नाही. मी म्हटलं, "अहो, पालीला मध आवडतो का?"

"मला काय विचारतेस? पालीला चष्मा लागला तर विचार."

मग मी त्याला सगळं सांगितलं. थेंब, जाळी, डोकं आत घालणं, पिवळा गळा. सांगता सांगताच मला कळत गेलं की मी काय सांगतेय. मनात शंकेची पाल चुकचुकली असं लोक सहज म्हणून जातात. माझ्या बाबतीत ती खरोखरची पाल होती, चार पायांची. दहा वाजता फूल कोरडं असतं. ते दुपारी एकला, जाळी ओढल्यावर, कुणाची तरी वाट बघत तयार होतं, आणि आम्ही परत येईपर्यंत पुन्हा सुकत असणार. ज्याची वाट बघतं त्याला आम्ही रोज सकाळी झाडून काढतो, का, तर भागूबाईला भीती वाटते म्हणून. नवऱ्यानं चष्मा उजेडापुढे धरला. "मग सोपं आहे. तिला कामावर ठेवा. पगारही मागणार नाही."

"आणि मी कुठे जाऊ?"

"तू बाहेरच्या बाजूनं काचेतून बघ. हवं तर काच मी येऊन पुसून देतो," तो म्हणाला, आणि हे तो थट्टेनं म्हणत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी कुणाला काही सांगितलं नाही. मुकादमाला झाडू मारू दिला, मैदान साफ करू दिलं. जेवायच्या सुट्टीत "अजून ठणकतंय" असं म्हणून आत राहिले आणि बाईंचा ब्रश घेऊन स्वतःच शिडीवर चढले. माझा हिशेब साधा होता: वेळ कळली की पालीची गरज काय? ती जे करते ते मी करते. थेंब आला. मी ब्रश आत सरकवला. पण त्या वेळी फुलाचं तोंड घट्ट मिटलेलं असतं, पाकळ्या एकमेकींना रेटून धरतात, आणि मधल्या दांडीचं टोक त्यांच्या मागे दडलेलं. सकाळच्या ढिल्या फुलात ब्रश जातो; या फुलाला नाक हवं होतं, खालून वर रेटणारं, ओलं, मऊ आणि निलाजरं. मी जोर केला तेव्हा पाकळी चुरगळली. संध्याकाळपर्यंतही थांबलं नाही ते फूल, मी शिडीवरून उतरते न उतरते तोच माझ्या खांद्यावर पडलं. मी ते घेऊन उभी राहिले. शेंड्यावरची फुलं संपली होती. उत्तरेकडच्या खालच्या फांदीवर थोड्या कळ्या होत्या, तेवढ्याच. आता गप्प बसणं म्हणजे शुद्ध नालायकपणा होता. मी चुरगळलेलं फूल हातात घेऊन तडक अवजारांच्या खोलीत गेले. बाईही तिथेच डबा खात होत्या. मी दारातच उभं राहून सगळं सांगून टाकलं, कापसाशिवाय, एका दमात.

बाईंनी डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग त्या हसायला लागल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "तांबडा मध," त्या म्हणाल्या. "अहो, त्या बेटावर एक पाल होती. हिरवीगार, पाठीवर लाल ठिपके. चित्रांत आहे फक्त. तिच्यासाठी असणार हे. ती पाल संपली, आणि ही बाई अजून रोज दुपारी तिचं ताट वाढून बसते." मुकादमानं कोपऱ्यातल्या झाडूकडे पाहिलं. "म्हणजे इतकी वर्षं," तो सावकाश म्हणाला, "मी जेवायला आलेल्यांना पानावरून उठवत होतो." कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. दोघंही मुद्दाम डब्यात बघत होते, ते मला कळत होतं, आणि त्या न बघण्यामुळे मला त्या दोघांबद्दल इतकं प्रेम वाटलं की मी उगाच पाणी प्यायले. बाई म्हणाल्या, "तुम्ही बहर संपेपर्यंत बियांच्या खोलीत बसा. तिथे पाली नाहीत. इकडचं आम्ही बघू." मी बरं म्हटलं.

बियांच्या खोलीत मला करमेना. काचेतून मला काचघराची उत्तरेकडची कड दिसायची. मुकादमानं झाडू बंद केला तशा पाली आल्या, भिंतीवर, दिव्यामागे, गजावर, काय ऐटीत यायच्या. पण पाहुणीपर्यंत एकही पोचेना. ती उभी मधोमध. जाळी टेकते फक्त शेंड्याला, आणि शेंडा रिकामा. खोडाला मुंग्यांसाठी चिकट पट्टा बांधलेला. तो एक दिवस काढून बघितला तर पालीच्या आधी मुंग्या चढल्या आणि दोन कळ्या आतून पोखरल्या. पट्टा पुन्हा बांधला. उरली दोन फुलं, उत्तरेच्या फांदीवर, शेजारी शेजारी, भिंतीपासून हातभर अंतरावर. मधे काठी ठेवावी तर तिच्यावरूनही मुंग्याच आधी आल्या असत्या. मुकादमानं फांदीला दोरी बांधून ती भिंतीकडे ओढली, तर सालीचा पापुद्रा सुटला आणि फांदी करकरली. त्यानं दोरी सोडली ती जणू विस्तवाला हात लावल्यासारखी. मी हे काचेतून बघत होते, आणि ती फांदी मला ठाऊक होती. पिंपाच्या बाजूनं धरली तर ती ऐकत नाही, जिथे वाकते त्या कोपराखालून उचलून मग वळवली तर येते, आणि कुठपर्यंत येते ते तिच्या आवाजावरून नाही, हाताला जाणवणाऱ्या एका बारीक थरथरीवरून कळतं. अठरा वर्षं पानं पुसल्याशिवाय हे कळत नाही. बाईंनी धरून बघितली. फांदी पुन्हा करकरली. मुकादम तर स्वतःच म्हणाला, "माझा हात म्हणजे फावडं." मी बियांच्या खोलीतून उठून आत गेले तेव्हा मला माझेच पाय दिसत होते, चप्पल दिसत होती, आणि आत कितीतरी भिंती आहेत आणि प्रत्येक भिंतीवर काहीतरी आहे हे मी वर न बघताही जाणत होते. म्हटलं, "मी धरते."

"भागूबाई, सुट्टी पूर्ण तासाची असते," मुकादम म्हणाला.

"ठाऊक आहे मला सुट्टी किती असते."

एक वाजला. साखळी ओढली गेली, जाळी आली, हिरवं अंधारून आलं. बाई आणि मुकादम दाराबाहेर काचेला नाक लावून उभे. मी फांदी कोपराखालून उचलली, वळवली, भिंतीच्या लोखंडी पट्टीला माझी बोटं टेकवली आणि थांबले. थरथर बोटात होती, फांदीची की माझी ते कळत नव्हतं. मी हलले तर फांदी जाणार, फांदी गेली तर फुलं, फुलं गेली तर हे अख्खं घराणंच, लाखो वर्षांचं, समुद्रातून आलेलं, माझ्या एका दचकण्यानं. असा विचार करायचा नसतो, पण करायचा नाही म्हटलं की तोच येतो. मग मी दादाचा विचार केला. मार खाताना हसणारा दादा, त्याच्या पुढच्या दातातली फट. मला एकाएकी आठवलं की त्या दिवशी शाळेतून आल्यावर मी अंगणात तीच शेपटी शोधली होती. कंपासपेटी फेकली तिथे, गवतात, गुडघ्यांवर बसून. तिला काय झालं ते मला बघायचं होतं. मला ती सापडली नाही. किती वर्षं ही गोष्ट माझ्याजवळ होती आणि मी तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. फुलांत थेंब आले. आधी एकात, मग दुसऱ्यात. आणि पट्टीवरून, माझ्या डोळ्यांच्या रेषेत, पाल खाली येत होती.

ती फांदीवर उतरेल असं मी धरलं होतं. तिनं माझ्या बोटांवर पाय ठेवला. गार. नाही, गारही नाही, काहीतरी अगदी हलकं, कोरडं, बोटांच्या टोकांनी जरा चिकटणारं, जसं कुणी लहान मूल कागदाचे तुकडे ओले करून हातावर चिकटवतं. माझ्या मानेपासून टाचेपर्यंत सगळं अंग ओरडत होतं आणि तो ओरडा मनगटापाशी येऊन थांबत होता, कारण मनगटापुढे फांदी होती. पाल मनगटावर थांबली. वळून माझ्याकडे बघितलं. इतक्या जवळून मी पाल कधी पाहिली नव्हती. कुणीच पाहत नाही, झाडूच्या अंतरावरूनच आपली ओळख. तिच्या गळ्याखालची कातडी इतकी पातळ होती की आतलं धडधडणं दिसत होतं, माझ्यापेक्षा कितीतरी जोरात. ती घाबरली होती. अख्ख्या डोंगराएवढं गरम काहीतरी तिच्या पायाखाली होतं आणि ते कुठल्याही क्षणी हलेल हे तिला कळत होतं, तरी ती आली होती, कारण पुढे मध होता. मग तिनं जीभ काढली आणि आपलाच डोळा चाटून पुसला, एकदम सफाईनं, अगदी आमचे हे चष्मा पुसतात तसा, आणि मला हसू फुटलं. आवाज न करता, खांदे न हलवता हसायचं म्हणजे काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. पोटातच हसले, पोट दुखेपर्यंत. ती पुढे गेली, फांदीवर उतरली आणि पहिल्या फुलात डोकं खुपसलं. पाकळ्या ताणल्या, दांडी वाकली आणि तिच्या गळ्याला घासून परत वर गेली, दारासारखी. गळा पिवळा. मग ती दुसऱ्या फुलाकडे वळली, तिथेही मानेपर्यंत. एवढंच होतं. एवढ्यासाठी शिडी, ब्रश, दहा वाजताचा मुहूर्त, धरलेले श्वास. जगात दुसरीकडे कुठेच नसलेलं झाड आणि जगात कुठेही असणारी पाल, आणि मध्ये माझा हात. मी त्या क्षणी इतकी आनंदात होते की कुणी मला माझं खरं नाव विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. लाल नाकानं ती परत आली, माझ्याच हातावरून, या वेळी न थांबता, आणि पट्टीवर चढून गेली. मी फांदी सावकाश तिच्या जागी नेऊन सोडली. मग मात्र खाली बसले, फरशीवरच, आणि दारातून आत आलेल्या मुकादमानं मला पाणी दिलं ते एका दमात प्यायले. "घाबरलात?" त्यानं विचारलं. "भयंकर," मी म्हटलं. "आणि तिचे पाय काय सुंदर आहेत हो."

पुढचे दिवस मी बियांच्या खोलीत गेले नाही. फांदीखाली उभी राहून काही होत नाही हे मला कळतं, पण उभी राहिले. पहिलं फूल तिसऱ्या दिवशी देठासकट खाली आलं. मी ते उचललं, नेहमीसारखं, आणि बाईंकडे बघितलं नाही. दुसऱ्याच्या पाकळ्या तपकिरी झाल्या, सुकल्या आणि एकेक करून पडल्या. देठ राहिला. देठाच्या टोकाशी मोहरीएवढं काहीतरी हिरवं होतं. बाईंनी भिंग लावून पाहिलं, मग भिंग मुकादमाला दिलं, मग मला, आणि स्वतः तोंड फिरवून रडायला लागल्या, अगदी मोकळेपणी, नाक पुसत. मुकादम म्हणाला, "अहो बाई, असं काय, आता तर हसायचं," आणि त्याचा स्वतःचा आवाज फाटला. मला रडू आलं नाही. माझी आपली बोटं आपोआप त्या देठाखाली गेली, पेला धरावा तशी, काही पडणार नव्हतं तरी.

त्या दुपारी आम्ही अवजारांच्या खोलीत गेलोच नाही. डबे आत आणले आणि पाहुणीच्या पिंपाभोवती फरशीवर बसलो, बाईसुद्धा. जाळी ओढलेली. मला आता सगळं चावता येत होतं आणि मी सगळ्यांच्या डब्यांत हात घालत होते. नवऱ्याला मी फोन केला होता, तो दुकान बंद करून भिंग घेऊन येणार होता, स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्याचा कशावर विश्वास नाही. वर कुठेतरी पाल चुकचुकली. मुकादमाचा घास हातातच राहिला. इतक्या वर्षांची सवय. तो अर्धा उठला, इकडेतिकडे झाडू शोधायला लागला. मी त्याचा सदरा धरून त्याला खाली ओढलं.

"बसा हो," मी म्हटलं. "जेवतेय ती."